वर गेलेले मणी

साळवे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कान्हे स्टेशनजवळच्या फाटकापाशी मोटारसायकल बंद करून उभा होतो. मालगाडी जायची होती. पलीकडून त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद बोलत होता. "शिंदेकाका, ताई गेली... सकाळीच." मग घरी कधी आणणार, कुठे न्यायचं, असं बरंच काही तो सांगत राहिला आणि मी नुसता 'हो, हो' म्हणत राहिलो. खरं लिहायचं ठरवलंच आहे तर लिहितो. त्या वेळी माझ्या मनात आधी दुःख आलं नाही, धास्ती आली. बाईंनी जाण्याआधी मिलिंदला सांगितलं असेल का? त्याच्या आवाजात काही वेगळं लागतंय का, हेच मी कान देऊन ऐकत होतो. गाडी गेली, फाटक वर झालं, मागचे हॉर्न वाजवायला लागले. "ओ काका, झोपले काय?" असं कुणीतरी ओरडलंही. माझा पाय किकवर जाईना. त्याच्या थोडेच दिवस आधी मी बाईंना एक गोष्ट सांगून आलो होतो. ती मी एका तपाहून जास्त काळ पोटात ठेवली होती...

सुजाता साळवे लोणावळ्याच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि मी त्याच विभागात प्रयोगशाळा सहायक. माझं काम उपकरणं मांडायची, पुसायची, मुलांना जोडणी दाखवायची. आणि एक काम असं, जे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही पण सगळीकडे चालतं : मुलांचं रीडिंग बसवून द्यायचं. आलेखावर नऊ ठिपके रेघेवर पडतात, दहावा भलतीकडे जातो. मुलगा घाबरून बघतो. मग मी हळूच म्हणायचो, "तो सोड. हात हलला असंल." परीक्षकालाही सुबक रेघ आवडते, मुलगा पास होतो, सगळे खूश. मला या कामाचा अभिमान होता. शिंदे असले की प्रॅक्टिकल बिघडत नाही, असं म्हणायचे.

बाईंना ते आवडायचं नाही, पण त्यांनी कधी मला चारचौघांत टोकलं नाही. त्यांचा जीव एन्ट्रॉपीवर. हा शब्द ऐकला की मुलं पानं उलटायला लागायची. बाई पुस्तक मिटून विचारायच्या, "बाजारात चिक्की करताना बघितलीय ना? पाकात शेंगदाणे घातले, लाटलं, वड्या पाडल्या. आता मला त्याच चिक्कीतून पुन्हा ऊस काढून द्या." मुलं हसायची. मग त्या सांगायच्या की जगातलं बहुतेक सगळं असंच एका बाजूला जातं. धरणाचं पाणी घाट उतरून खाली गेलं की आपोआप वर येत नाही. घाटात गाडी ब्रेक लावत उतरते, ब्रेक तापतात, ती ऊब हवेत जाते. ती ऊब गोळा करून कुणी गाडी परत खंडाळ्याला चढवू शकत नाही. काहीही घडलं की अशी थोडी ऊब पसरते, थोडी मोडतोड होते, आणि तिचा हिशेब नेहमी वाढतच जातो, त्याला एन्ट्रॉपी म्हणायचं. एवढं मलाही कळलं होतं. पुढचं कळलं नव्हतं, आणि माझी चूक त्या पुढच्यातच आहे.

बाईंना पीएचडी करायची होती. त्यांच्या घरातल्या पहिल्या शिकलेल्या पिढीतल्या त्या. वडील तळेगावला कारखान्यात होते. मोठ्या संस्थेत जाऊन संशोधन करायला ना वेळ ना सोय, म्हणून त्यांनी आमच्याच विभागात एक प्रयोग उभा केला. सूक्ष्मदर्शक चक्क आडवा निजवला, त्याच्यासमोर काचेची बारीक बंद कुपी, तिच्यात पाणी आणि पाण्यात प्लास्टिकचे मणी. मणी म्हणजे डोळ्याला न दिसणारे, धुळीच्या कणाहून लहान. ते पाण्यात हळूहळू खाली बसतात. पण पाण्याचे रेणू त्यांना सारखे धक्के देत असतात, त्यामुळे ते सरळ बसत नाहीत, थरथरत, डगमगत बसतात. कॅमेऱ्याने त्याचं चित्रण करायचं आणि ठरावीक सेकंदांत कुठला मणी किती सरकला ते मोजायचं. चित्रण बाई करायच्या. पडद्यावर एकेक मणी धरून मोजायचं काम माझ्याकडे. त्यांनी बजावलं होतं, "शिंदे, काचेला चिकटलेला मणी असेल किंवा दोन मणी एकमेकांना लागलेले असतील तर ते सोडून द्या. बाकी सगळे घ्या."

मणी बहुतेक खाली जायचे. पण मधूनच एखादा वर जायचा. थोडासा वर गेला तर मी घ्यायचो. चांगलाच वर उसळला की मला वाटायचं, हे काही खरं नाही. पाण्यात प्रवाह झाला असेल, गाडीचा हादरा बसला असेल, मीच चुकून दुसरा मणी धरला असेल. जड वस्तू पाण्यात वर कशी जाईल? बाईंनीच तर शिकवलं होतं की सगळं एका बाजूला जातं. हात हलला असंल, असं मी मुलांना सांगायचो तेच स्वतःला सांगितलं आणि ते मणी सोडून दिले. विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नाही. उलट, बाईंचं काम निर्मळ दिसतंय याचं समाधान व्हायचं. संगणकात जागा कमी, म्हणून मोजून झालं की चित्रण पुसायचं. एकदा मी पुसत असताना बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "पुसतानाही थोडी उष्णता निघते बरं का शिंदे. फुकटात काहीच पुसलं जात नाही." मी हसलो. मला ती गंमत वाटली.

त्या काळात आमचं चांगलं जमायचं. एकदा उन्हाळ्यात मी सहज म्हणालो की सुट्टीत गावी टाकव्याला राब भाजायचाय. बाईंनी विचारलं, म्हणजे काय? भाताची रोपं जिथे करायची त्या वाफ्यावर पाला, गवत, शेण पसरायचं आणि ते जाळायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमात येतं. त्यांना ते बघायचंच होतं. आल्या. बांधावर पदर नाकाला लावून बराच वेळ धूर बघत उभ्या राहिल्या. माझे चुलते आबा तिथे काठी घेऊन कडेची आग सारत होते. बाई म्हणाल्या, "वर्षभर झाडाने एकेक पान जमवलं, आबा, आणि बघता बघता राख झाली."

"राखंवरच तर रोप येतंय," आबा म्हणाले. "वाया कुटं गेलं?"

"वाया नाही गेलं. पण आता त्याचं परत पान नाही व्हायचं."

"पान कशाला व्हाया पायजे? आमाला भात पायजे." बाई खळखळून हसल्या. मग आबांनी काठी टेकली आणि विचारलं, "आडनाव काय म्हनालात, बाई?"

"साळवे."

"बरं, बरं," आबा म्हणाले आणि पुन्हा आगीकडे वळले. घरी चहा झाला, गप्पा झाल्या, वाईट कुणीच वागलं नाही. पण त्या 'बरं, बरं' मध्ये काय होतं ते मला कळलं आणि बाईंनाही कळलं असणार. हे इथे लिहितोय त्याला कारण आहे. नंतर माझं तोंड शिवलं गेलं त्यातला एक टाका हा होता.

इकडे प्रयोग बसेना. वर जाणारे आणि खाली जाणारे मणी यांच्या प्रमाणाचा एक नियम आहे. त्या नियमाने आलेख मांडला की सरळ रेघ यायला हवी. बाईंची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ जायची आणि टोकाशी वाकायची. दर वेळी तिथेच, तशीच. बाई हादऱ्याच्या मागे लागल्या. घाट चढणाऱ्या गाड्यांनी आमच्या इमारतीच्या काचा थरथरतात, म्हणून सगळं सामान तळमजल्यावर नेलं. वाळूचा ट्रे, त्यावर स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूब, त्यावर शहाबादी फरशी, असा ओटा केला. कुपी बदलली, दिवा बदलला, खोलीच्या खिडक्यांना थर्माकोल लावला. मी प्रत्येक वेळी मदतीला. फरशी मीच उचलली... आणि पुन्हा तेच मणी सोडून दिले.

मग गावातल्या लोकांसाठी कॉलेजात विज्ञानाची व्याख्यानं झाली. बाई आपल्या प्रयोगावर बोलल्या. मी मागे प्रोजेक्टरपाशी उभा. त्या म्हणाल्या, "मोठी वस्तू कधी उलट जात नाही. पण वस्तू अगदी लहान असेल आणि वेळ अगदी थोडा असेल, तर क्वचित तीही उलट जाते. पाण्याचे धक्के नेमके एका बाजूने बसतात आणि मणी चक्क वर चढतो. तेवढ्यापुरता एन्ट्रॉपीचा हिशेब उलटा होतो. आपण म्हणतो काळ मागे जात नाही, तर तो का जात नाही, हे या चुकार मण्यांना विचारायचं. ते किती आहेत यावर सगळं आहे. माझं सोनं म्हणाल तर ते मणी." समोरच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "मग म्हातारा माणूस तरुण व्हायचा काही चान्स आहे का, मॅडम?" सगळे हसले. बाई म्हणाल्या, "तुम्ही मण्याएवढे झालात तर, आजोबा."  प्रोजेक्टर गरम झालाय असं बघण्याच्या निमित्ताने मी खाली वाकलो आणि तसाच वाकून राहिलो.

तेव्हा बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी नाही बोललो. नोकरी जाईल ही भीती होतीच. शिवाय दुसरी भीती अशी की कुणी म्हणेल, शिंद्याच्या पोराने मुद्दाम केलं, साळव्यांची पोर पुढे जाते हे बघवलं नाही. गावाकडे 'त्यांच्या हाताखाली काम करतो काय रे?' असं मला थट्टेत विचारणारे होते. मुद्दाम केलं नाही हे मला माहीत आहे. पण इतक्या वर्षांत मी स्वतःला रात्रंदिवस उलटून पालटून तपासलंय, आणि एक गोष्ट नाकारता येत नाही. विभागातल्या दुसऱ्या कुणा सरांचा प्रयोग असता तर मी एकदा तरी विचारलं असतं, "सर, हे वर गेलेले घेऊ का?" बाईंच्या कामात मी स्वतःच ठरवून मोकळा झालो. याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने म्हणावं.

मी मनाशी एक शहाणपण केलं. न सांगता दुरुस्त करायचं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात नवीन मोजणी झाली, तिच्यातला एकही मणी मी सोडला नाही. मला वाटलं, आता आलेख नीट येईल, बाई खूश होतील, जुनं विसरलं जाईल. आलेख आला. रेघ टोकापर्यंत सरळ. बाई तो कागद हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि मी बाजूला हसरा चेहरा करून उभा. त्या म्हणाल्या, "हे कसं काय? या वेळी आपण काहीच बदललेलं नाही. दोन वर्षं वाकडी आणि आज अचानक सरळ? शिंदे, आपल्या ओट्याचा काही भरवसा नाही. आज हे दाखवतोय, उद्या ते दाखवेल." जुनं ताडून बघायला चित्रण उरलं नव्हतं. मी ते पुसलं होतं. मणी संपत आले होते, परत मागवायला विभागाकडे तरतूद नव्हती. बाईंनी स्वतःच्या मार्गदर्शकांना प्रामाणिकपणे कळवलं की उपकरण विश्वासार्ह नाही, आणि प्रयोग तिथेच थांबवला. खोट्या आकड्यांवर त्या थांबल्या असत्या तर एक वेळ समजलं असतं. त्या खऱ्या आकड्यांवर थांबल्या, कारण ते खरे आहेत हे सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो बाजूला हसत उभा होता.

सूक्ष्मदर्शक पुन्हा उभा झाला. बाई शिकवत राहिल्या, उत्तम शिकवत राहिल्या. पुढे वराळ्याला फ्लॅट घेऊन भावाच्या कुटुंबासोबत राहू लागल्या. शिकवायला नवीन आलेली मुलं नावामागे डॉक्टर लावायची, बाई त्यांना पेढे आणायला लावायच्या. दर दिवाळीनंतर मी त्यांना इंद्रायणी तांदूळ पोचवायचो. प्रत्येक खेपेला ठरवून जायचो आणि तांदूळ ठेवून यायचो.

मग बाईंचं दुखणं निघालं. बरं होणारं नाही, हे मिलिंदने फोनवर सांगितलं. मी जेवेनासा झालो. बायकोला, मंगलला, मी पूर्वीच सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "जाऊन सांगून या एकदाचं. रोज ताटावर बसून भिंतीकडं बगताय."

"आजारी माणसाला सांगायचं हे?"

"मग मेल्यावर सांगनार हाय का?"

"आगं, तिला किती तरास हुईल..."

"तिला व्हईल का तुमाला व्हईल, त्ये आधी ठरवा. तिचं काम तिला म्हाईत नगं व्हय? उठा."

गेलो. बाई खिडकीशी पलंगावर उशांना टेकून होत्या, फार वाळल्या होत्या. "तांदूळ आणलात का, शिंदे? नवा की जुना?" "जुना आहे, बाई. मऊ होईल." मग मी म्हणालो, "बाई, त्या मण्यांचं एक सांगायचं होतं." "कुठल्या मण्यांचं?" "पाण्यातल्या." आणि मी सांगितलं. कुठेही न थांबता, त्यांच्याकडे न बघता सांगितलं.

त्यांनी विचारलं, "किती काढलेत?"

"मोजले नाहीत. जे लई वर गेले ते."

"आणि शेवटच्या उन्हाळ्यातले?"

"त्यातला एकही नाही."

 मग म्हणाल्या, "म्हणजे ती सरळ रेघ खरी होती." आवाज बारीक झाला होता, पण वर्गातल्यासारखाच स्वच्छ. "मी म्हणाले, ओट्याचा भरवसा नाही. तेव्हा तुम्ही शेजारी होतात."

"होतो."

"हसत होतात."

"हो, बाई."

मी वाट बघत होतो. कशाची, ते आता लिहायलाही लाज वाटते... असू दे म्हणतील, याची. त्या म्हणाल्या, "चहा ठेवलाय आत, पिऊन जा. जाताना दार ओढून घ्या." आणि तोंड खिडकीकडे केलं. मी चहा न पिता निघालो. पुढचे सगळे दिवस एकच घोर लागून राहिला. मी मन मोकळं केलं म्हणजे माझ्या छातीवरचा दगड उचलून त्यांच्या छातीवर ठेवला का? त्यांचे शेवटचे दिवस मी नासवले का? फोन वाजला की दचकायचो. मग तो फाटकापाशी आलेला फोन.

बाईंच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मी गेलो होतो. वंदना झाली, मग कॉलेजातले एक निवृत्त सर बोलले. मनापासून बोलले. म्हणाले, "मॅडमची जिद्द दांडगी. संशोधनाचं मोठं स्वप्न घेतलं. प्रयोग काही जमला नाही, पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. माईक रिकामा होता, अजून कुणाला बोलायचंय का असं विचारतही होते. मी उठलो नाही. सांगूनसुद्धा पुन्हा तेच. प्रयोग जमला नाही, हे वाक्य त्यांच्या नावाला माझ्यासमोर कायमचं चिकटलं आणि मी सतरंजीचे दोरे ओढत बसलो.

सगळे गेल्यावर मिलिंद मला म्हणाला, "काका, जरा आत या. तुम्हाला एक दाखवायचंय." बाईंची खोली. पलंग काढून टाकला होता, फरशीवर त्याच्या पायांचे डाग तेवढे होते. खिडकीशेजारच्या भिंतीवर, निजल्या निजल्या दिसेल अशा उंचीवर, एक आलेखाचा कागद चिकटपट्टीने लावलेला. त्यावर पेन्सिलीचे ठिपके आणि त्यांच्यामधून काढलेली एक रेघ. आकडे नाहीत, नाव नाही. रेघ टोकापर्यंत सरळ.

"तुम्ही येऊन गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईने मला हा कागद आणायला लावला," मिलिंद म्हणाला. "तिला हातात पेन्सिल धरवत नव्हती. ती सांगायची, मी ठिपके द्यायचो. इथे दे, आता जरा वर. दमायची, झोपायची, उठली की परत. तीन दिवस हेच. कशाचं आहे विचारलं तर सांगेना. नुसती बघत पडायची. तुम्हाला माहितीय का, ही कसली रेघ आहे?"

घरात माणसं होती, स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. मी खाली फरशीवरच बसलो आणि मिलिंदला पहिल्यापासून सांगितलं. तो दाराला टेकून उभ्याने ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "हे मघाशी बाहेर का नाही बोललात?"  तोच पुढे म्हणाला, "मग आता लिहा. सगळ्यांना कळेल असं लिहा. तिच्या नावासकट आणि तुमच्या नावासकट." म्हणून हे लिहिलं. सुजाता साळवे यांचा प्रयोग जमला होता. तो मी बिघडवला, आणि पुढे तो बरोबर आला तेव्हा मी गप्प बसलो.

निघताना मी त्या कागदाजवळ गेलो. एक ठिपका रेघेपासून बराच लांब, वरच्या कोपऱ्याकडे पडलेला होता. मी तो बघतोय हे पाहून मिलिंद म्हणाला, "तो माझ्याकडून चुकून पडला. मी खोडायला गेलो तर ताईने हात धरला. म्हणाली, राहू दे, पडलाय तर राहू दे."